समची वाळू, परतीचा डांबरी रस्ता आणि चारही टायरमध्ये एकदम हवा

जैसलमेरहून वाळूच्या टेकड्यांचं सम साधारण 40 किलोमीटर. रस्ता चांगला आहे, त्यामुळे टायर गच्च ठेवूनच तिथवर जायचं आणि वाळूत उतरायच्या आधी, कडक जमिनीवर हवा सोडायची. वाळूत चाक फिरायला लागल्यावर हवा सोडू म्हणणारी गाडी तोवर निम्मी रुतलेली असते. या फेरीत दोन थार आणि एक जिम्नी होती. तिन्ही गाड्यांना 18 पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) पुरलं. मऊ वाळूत 15 पर्यंत उतरता येतं. त्याखाली गेलात तर वळण अगदी हळू घ्या, नाहीतर टायरची कड रिमवरून सुटते आणि ती वाळूत पुन्हा बसवणं हे तासाभराचं काम होतं.

खरा प्रश्न परतताना येतो. 18 पीएसआयवर डांबरी रस्त्याला 30 च्या वर वेग नेऊ नका. टायरची बाजू सारखी दुमडते, आतून तापते आणि फाटते. म्हणजे 40 किलोमीटर परतायचं तर हवा तिथेच भरायला हवी. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे रांग असते, म्हणून स्वतःचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा भरायचा पंप, आणि चारही टायरना एकदम लागणारा चार तोंडांचा पाइप सोबत ठेवा.

आधी हिशोब. थारच्या 255/65 आर18 टायरमध्ये अंदाजे 60 लिटर जागा असते. 18 वरून 32 पीएसआयवर न्यायला प्रत्येकी 57 लिटरच्या आसपास हवा लागते, चौघांना मिळून 230 लिटर. कॉम्प्रेसरवर मिनिटाला 72 लिटर छापलेलं असलं तरी तो आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. दाबाविरुद्ध 45 धरा, म्हणजे पाच-सहा मिनिटं. 35 लिटर छापलेल्या छोट्या पंपाला नऊ-दहा. जिम्नीचे टायर लहान, 35 ते 40 लिटरचे, तिचं काम लवकर उरकतं. चार तोंडं लावली म्हणून पंप जास्त हवा देत नाही. वाचते ती चारदा वाकून पाइप काढ-घाल करण्याची आणि दाब पुन्हा पुन्हा मोजण्याची वेळ. शिवाय एकाच व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून सगळी हवा ढकलावी लागत नसल्याने पंपावरचा ताण कमी होतो. सगळ्यात मोठा फायदा मात्र हा की चारही टायर पाइपने एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे दाब आपोआप सारखा होतो.

पाइप घरी बनवता येतो. 8 मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पीयू (पॉलियुरेथेन प्लास्टिकचा) पाइप, सुमारे 14 मीटर. कॉम्प्रेसरपाशी एक टी (तीन तोंडांचा जोड), तिथून गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक फांदी. पुढच्या चाकापाशी त्या फांदीवर पुन्हा टी, आणि उरलेला पाइप मागच्या चाकापर्यंत. पुश फिटिंगमध्ये (पाइप नुसता ढकलून बसवायच्या जोडात) पाइप घालताना टोक काटकोनात, ब्लेडने कापा. तिरकं कापलेलं टोक गळतं. पंपातून निघालेली हवा बरीच गरम असते. तिने पीयू पाइप मऊ पडतो आणि भर कामात फिटिंगमधून फटकन सुटतो. म्हणून पंपाच्या तोंडाशी पहिला मीटरभर जाळीचा रबरी पाइपच लावा. चाकाकडची चारही टोकं अशी घ्या, जी व्हॉल्व्हवर बसल्यावरच उघडतात. उघड्या तोंडाची घेतलीत तर पहिलं टोक लावताच त्या टायरमधली हवा उरलेल्या तीन टोकांतून बाहेर पडेल. तशीच मिळाली तर प्रत्येकाआधी एकेक बॉल व्हॉल्व्ह (छोटी तोटी) बसवा.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूजसकट, आणि इंजिन चालू ठेवून. मोठा पंप 30 अँपिअर किंवा जास्त ओढतो. लायटरच्या सॉकेटला तो झेपत नाही.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते. दाब सारखा करणारा पाइप पंक्चरही लपवतो. एका चाकात काटा गेला असेल आणि ते 11 वर आलं असेल, तर जोडताक्षणी बाकीचे तीन आपली हवा त्याला देतात आणि मीटर सगळं ठीक दाखवतो. म्हणून पाइप लावण्याआधी चारही चाकं हातातल्या गेजने वेगवेगळी मोजा आणि आकडे लिहून ठेवा. एक चाक बाकीच्यांपेक्षा 2 पीएसआयने जरी खाली असलं, तरी ते आधी तपासा. याच कारणाने पाइप जोडून गाडी रात्रभर ठेवू नये. एक गळालं की चारही बसतात.

जोडताना व्हॉल्व्हवरची वाळू फुंकून काढा, पिन नखाने क्षणभर दाबून फुस्स करा, मग टोक बसवा. वाळूचा एक कण पिनेखाली अडकला तरी रात्रभर हवा झिरपते. पाइप जमिनीवर सैल पडू द्या. ताणलेला पाइप रबरी व्हॉल्व्ह वाकवतो आणि तो बुडाशी गळू लागतो. चारही टोपणं एका पिशवीत घालून ती स्टिअरिंगला अडकवा. पिशवी लटकते आहे तोवर पाइप चाकांना आहेत, गाडी हलवायची नाही.

पंप चालू असताना मीटरवर विश्वास ठेवू नका, तो पाइपातला दाब दाखवतो, टायरमधला नाही. पंप बंद करा, अर्धा मिनिट थांबा, काटा खाली येऊन स्थिर झाला की वाचा. सामान भरून मागे जास्त दाब हवा असेल तर आधी चौघांना पुढच्या चाकांच्या आकड्यावर आणा, पुढची दोन टोकं काढा, मग मागची वाढवा. आकडा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पण तो थंड टायरचा. वाळूतून आलेला टायर तापलेला असतो, म्हणून संध्याकाळी 3 पीएसआय जास्तच भरा. हिवाळ्यात जैसलमेरची पहाट चांगलीच गार असते, आणि तापमान 5-6 अंशांनी उतरलं की साधारण 1 पीएसआय कमी होतो. पक्का दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी लावा.

गाडी कुठे न्यायची तेही आधी ठरवा. समचा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे आणि तिथे माळढोक अजून टिकून आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला तो दिसेनासा होत गेला हे आपण पाहिलंच आहे. कुंपण दिसत नाही म्हणून गवताळ माळावर गाडी घालू नका, हा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो. सीमेच्या बाजूला जायचं तर परवानगीची चौकशी जैसलमेरमध्येच करा.

मुक्कामावर आल्यावर पाइपची टोकं खाली धरून पंपाच्या हवेने आतली वाळू उडवा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि मगच गुंडाळा. स्टेपनीतही त्याच वेळी हवा मोजा, ती या चार तोंडांत येत नाही.