विणकराच्या घरातले रिकामे रकाने

इंग्लंडातल्या लँकेशरमध्ये राहून लोकांच्या पूर्वजांच्या नोंदी शोधून देण्याचे काम मी गेली काही वर्षे करते आहे. गेल्या महिन्यात हाती आलेले एक विणकर कुटुंब मात्र अहवाल पाठवून झाला तरी मनातून जात नाही.

१८४१ ची जनगणना ६ जूनच्या रात्रीची. त्या पानावर या घरात चाळीस वर्षांचा पुरुष, पस्तीस वर्षांची स्त्री, नऊ वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि शेवटी वेगळ्या आडनावाची साठ वर्षांची म्हातारी आहे. पुरुषापुढे पेन्सिलीने 'एच. एल. डब्ल्यू.', म्हणजे हातमागावरचा विणकर, असे लिहिले आहे. बाकीच्यांचे रकाने रिकामे. त्या वर्षी नाते लिहीत नसत आणि मोठ्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून मांडत. हे ठाऊक असूनही मी मसुद्यात लिहून गेले: कमावता एक, म्हातारी बहुधा भाडेकरू, बाकीचे अवलंबून.

३० मार्च १८५१ च्या नोंदीत, जिथे नेमके वय आणि नाते दोन्ही मिळते, हेच घर पुन्हा सापडले. बाप त्रेपन्न वर्षांचा, अजून हातमागावर, मुले यंत्रमागावर, बायको 'वाइंडर', म्हणजे मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. म्हातारी बहात्तर वर्षांची, आणि नाते 'सासू'! तिच्या व्यवसायाच्या जागी टंकलिखित सूचीत 'विडो' होते. ती विधवा होतीच, पण वैवाहिक स्थितीचा रकाना वेगळा असताना प्रगणक ते व्यवसायाच्या रकान्यात पुन्हा कशाला लिहील? म्हणून मूळ पानाची प्रतिमा उघडली. घरोघरी भरलेले तक्ते टिकले नाहीत, प्रगणकाने वहीत उतरवलेली नक्कल तेवढी उरली आहे, आणि तिच्यावर आकडेमोड करणाऱ्या कारकुनाने नेमकी त्या शब्दावर जाड रेघ ओढली होती. प्रतिमा मोठी करून रेघेखाली पाहिले, तर 'डी'नंतर 'ई'चा बारीक फास आणि शेवटी वर वळलेला 'आर', अगदी वरच्या ओळीतल्या सुनेच्या... नव्हे, लेकीच्या व्यवसायात होता तसाच. म्हातारीही 'वाइंडर'. सूचीवर विसंबून मूळ पान न उघडणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत, आणि ही सवय मला अक्षम्य वाटते.

पण मसुदा माझाही चुकलाच होता. १८४१ च्या प्रगणकांना सूचनाच होती की पत्नीचा, तसेच आईबापांजवळ राहून मजुरीशिवाय हातभार लावणाऱ्या मुलांचा व्यवसाय लिहिण्याची गरज नाही. धोट्यातली कांडी संपली की माग थांबतो. दिवसभर माग चालवायचा तर घरात कुणीतरी सतत कांड्या भरत बसावेच लागते. हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. इचलकरंजीला माझ्या आजोबांच्या मागासाठी आजी कांड्या भरत असे, आणि तिला कुणी विणकर म्हटलेले मी ऐकले नाही.

सुधारित अहवालात 'अवलंबून' हा शब्द काढून टाकला आणि त्या सूचनेचा मजकूर जोडला. ज्यांच्यासाठी हे काम केले त्या बाईंनी आता विचारले आहे की १८४१ सालीही त्या म्हातारीपुढे 'कांड्या भरणारी' असे लिहावे का. पानावर नाही ते उताऱ्यात घालायचे नाही, हा नियम मी आजवर मोडलेला नाही. त्यातून सासूचा उल्लेख त्या सूचनेत नव्हताच, तरी तिचा रकाना कोरा आहे. बाईंना अजून उत्तर दिलेले नाही.