माथ्यावरचं ऊन

फोटो काढणाऱ्यांच्या जगात सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ जेवायची आणि आडवं व्हायची. दिवस उगवताना नाहीतर कलताना बाहेर पडायचं, मधल्या वेळात बॅटऱ्या चार्ज करायच्या, असा शिरस्ता. सांगणाऱ्यांचं खोटंही नाही. ऊन डोक्यावर आलं की सावल्या पायाखाली जातात, जमीन चपटी दिसते, आभाळ पांढुरकं पडतं. झाडाखालचा काळोख आणि बाहेरचा भगभगाट डोळा एका नजरेत सांभाळतो, कॅमेऱ्याला ते झेपत नाही.

पण हा शिरस्ता सपाट मुलखातल्या कुणीतरी घालून दिला असावा, असा माझा दाट संशय आहे. नाशिकहून त्र्यंबक रोडला लागलं की समोर काय येतं? अंजनेरी, ब्रह्मगिरी, पलीकडे हरिहर. सगळे उभे कडे. लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला काळा कातळ. कलत्या उन्हात माळावरचा खडा न् खडा उठून दिसतो ना, तेच काम उभ्या कड्यावर माथ्यावरचं ऊन करतं. ते कातळाला घासून खाली उतरतं. प्रत्येक थराची कड उजळते आणि तिच्याखाली काळीभोर रेघ ओढली जाते. पहिने गावाच्या बाजूने अंजनेरीचा पश्चिमेकडचा कडा बघा. सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो, संध्याकाळी तोंडावर ऊन येऊन नुसता तांबूस. थर मोजायचे तर भर दुपारीच.

तेही मे महिन्यात. नाशिक साधारण २० अक्षांशावर, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा साडेबारा झालेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ बरीच पूर्वेकडच्या, ८२.५ रेखांशाची. जुलैच्या शेवटाकडे सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण त्या दिवसांत त्याला पाहतंय कोण! उलट डिसेंबरात तो भर दुपारीही ४६ अंशांच्या आसपासच चढतो. त्या उन्हाला टळटळीत म्हणणं म्हणजे उगाच कौतुक.

पोलरायझरवाल्यांसाठी आणखी एक गंमत. भिंगापुढे लावायचा हा फिल्टर सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ सर्वांत जास्त गडद करतो. सूर्य डोक्यावर असला की ती जागा म्हणजे सगळं क्षितिज, चारी दिशांना सारखं. एरवी फोटोत आभाळाचा अर्धा भाग निळा आणि अर्धा फिका येतो, ती कटकट राहत नाही. फक्त धुरळा कमी हवा. वळवाची एखादी सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी जावं.

एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आभाळाच्या हिशेबानं कमी ठेवायचं, सावल्या नंतर घरी उजळता येतात. पांढरं जळून गेलं की परत येत नाही. फोन हे सगळं आपणहून करतो, पण अती करतो. कडा कॅलेंडरावरचा दिसायला लागतो. मला विचाराल तर रंगच काढून टाका. मेमध्ये गवत वाळून जवळजवळ पांढरं झालेलं असतं, कातळ काळा. हे चित्र मुळातच कृष्णधवल आहे.

१८७० साली त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना तर उन्हाशिवाय गत्यंतरच नव्हतं. तेव्हाची फिल्म मंद, तिला भरपूर उजेड लागायचा, आणि सर्वांत मोठा दिवा फुकटचा. सूर्याला फळ समजून झेपावणाऱ्याचा जन्मही अंजनेरीचाच मानतात. या भागाचं आणि उन्हाचं काहीतरी जुनं असावं.

गंगापूर धरणाच्या पाण्यासाठी मात्र दुपार कामाची नाही. वारा उठलेला असतो, प्रतिबिंब मोडतं. तिथे पहाटेच जावं. गर्दी असते, पण इलाज नाही.