पॉइंट टू-टू रायफलला नवा ट्रिगर

अमेरिकेतल्या कुठल्याही शूटिंग रेंजवर थोडा वेळ थांबलात तर एक रायफल हमखास दिसेल: रुगर १०/२२. ती १९६४ साली बाजारात आली आणि अजूनही जोरात खपते. दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन, साधी बांधणी, आणि गोळी तीच पॉइंट टू-टू (म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीची), जिच्यावर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. रायफल अर्थातच निराळी. त्याची खास स्पर्धेसाठी घडवलेली, ही घरोघरी सापडणारी.

मी इथे नेमबाजी शिकायला लागले ती याच रायफलवर, आणि तिच्यावर माझा जीव आहे. पण तिचा ट्रिगर जड आहे. मूळचा ट्रिगर ओढायला साधारण पाच-सहा पौंड जोर लागतो आणि साध्या मॉडेलचं अख्खं वजनच पाच पौंडांच्या आसपास. नेम धरलाय, श्वास थांबवलाय, आणि ऐन वेळी बोटाच्या जोराने रायफलच हलते. नवशिक्यांना वाटतं, आपला हात स्थिर नाही. कंपनीचंही बरोबर आहे. रायफल कुणाच्या हाती जाईल, कशी हाताळली जाईल, हे तिला माहीत नसतं, म्हणून ती ट्रिगर जडच ठेवते.

आता बदलायचा म्हटलं की जो तो विचारतो, “किती पौंडांचा घेऊ?” माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तो सुटतो कसा? ट्रिगर ओढताना आधी थोडी सैल हालचाल होते, मग बोटाला भिंत लागते. त्या भिंतीनंतर ट्रिगर रखडत, किरकिरत सरकत राहिला तर त्याला इथे क्रीप म्हणतात. चांगल्या ट्रिगरमध्ये क्रीप जवळजवळ नसतो. काच तडकावी तसा तो एकदम सुटतो. सुटल्यावरही बोट मागे जात राहिलं तर तो ओव्हरट्रॅव्हल, आणि त्यानेही नेम ढळतो. तीन पौंडांचा स्वच्छ सुटणारा ट्रिगर दोन पौंडांच्या रखडणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. शिवाय तो दर वेळी सारखाच सुटायला हवा. मोजायला छोटा गेज मिळतो. त्याने दहा वेळा ओढून बघा आणि सरासरीबरोबर सगळ्यात कमी-जास्त आकड्यांतलं अंतरही पाहा.

१०/२२ साठी पर्याय भरपूर आहेत. रुगरचाच बीएक्स ट्रिगर अडीच ते तीन पौंडांत सुटतो, शंभर डॉलरच्या आसपास मिळतो, आणि हौशी माणसाने याच्यापुढे जायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. टिमनी कंपनीचा पावणेतीन पौंडांचा आणि वोल्कार्टसन कंपनीचा सव्वादोन पौंडांचा ट्रिगर बांधणीला जास्त नेटका, पण बराच महाग. किड कंपनीचा टू-स्टेज ट्रिगर म्हणजे आधी हलका टप्पा, मग स्पष्ट भिंत, मग सुटका. स्पर्धेतल्या नेमबाजांना तो फार आवडतो, पण त्याची किंमत जवळजवळ साध्या १०/२२ एवढी आहे.

स्पर्धेत उतरणार असाल तर आधी नियम वाचा. इथल्या सीएमपी या संस्थेच्या रिमफायर स्पोर्टर (पॉइंट टू-टू रायफलींच्या) स्पर्धेत ट्रिगर किमान तीन पौंडांचा लागतो. हौसेने सव्वादोनचा बसवलात तर तो तिथे चालणार नाही.

स्वस्तातला मार्ग म्हणून काही जण नुसती हॅमरची, म्हणजे गोळी पेटवायला दणका देणाऱ्या भागाची, स्प्रिंग हलकी करतात. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर गोळीला हे महागात पडतं. या गोळीत पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि ती कड चेपायला हॅमरचा दणका पुरेसा लागतो. स्प्रिंग मऊ केली की गोळी मधूनच पेटत नाही. ओढ हलकी करायची ती सिअर (हॅमर अडवून धरणारा खटका) आणि हॅमर जिथे एकमेकांत अडकतात तिथलं काम सुधारून, म्हणूनच मी तयार ट्रिगर युनिट घ्यायला सांगते. कानस घेऊन बसू नका. आणि रायफल सीझेड ४५७ सारखी बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) असेल तर खरेदीआधी मॅन्युअल काढा. तिचा मूळ ट्रिगरच कमी-जास्त करता येतो.

बसवायला सोपं आहे. मॅगझिन काढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, लाकडी दस्ता उतरवा, दोन पिना ढकलल्या की जुनं युनिट हातात येतं. नवं तिथे बसवा आणि दस्ता परत लावा. खरं काम त्यानंतरचं. रिकाम्या रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) जोरात सोडून पाहा, सेफ्टी लावून ट्रिगर ओढून पाहा, दस्त्यावर रबरी हातोडीने ठोका. हॅमर एकदाही आपोआप पडता कामा नये. रेंजवर पहिल्यांदा दोनच गोळ्या भरा. एका ओढीत दोन्ही सुटल्या तर तिथेच थांबा आणि रायफल गनस्मिथकडे न्या. हा सुरक्षेचा प्रश्न तर आहेच, शिवाय अशी बंदूक इथल्या कायद्याने मशीनगन ठरू शकते.

गोळी न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव १०/२२ वर चालतो. इतर बऱ्याच रिमफायर रायफलींत फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी सुई) चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून लोक भिंतीत स्क्रू बसवायच्या छोट्या पिवळ्या प्लास्टिक प्लगचा डमी गोळीसारखा उपयोग करतात. ही युक्ती मला मनापासून आवडली.

इकडे येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. अमेरिकेत कायद्याने ‘बंदूक’ म्हणजे तिचा रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मधला सांगाडा), त्यामुळे असा ट्रिगर साधारणपणे टपालाने घरी येतो. पण विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असाल तर बंदूक आणि गोळ्या बाळगायला सहसा बंदी असते. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही. आणि तिकडच्या नेमबाज मित्राने कितीही आग्रह केला तरी ट्रिगर बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये शस्त्रांचे भागही शस्त्रातच मोडतात आणि इथून पाठवायलाही निर्यातीचे नियम आड येतात. त्याला तिथल्या परवानाधारक विक्रेत्याकडूनच मागवायला सांगा.