वरचा तुकडा

वाइनरीतली फील्ड ऑफिसर म्हणजे दिवसभर वाइन पिणारी बाई, असं माझ्या आत्याला अजून वाटतं. प्रत्यक्षात फेब्रुवारी-मार्चमध्ये मी पहाटे उठून, माल पिकलाय का ते बघायला, लोकांच्या बागेत द्राक्षाच्या बिया चावत फिरते.

नाशिकजवळच्या दिंडोरीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एका अण्णांची शिराझ, म्हणजे रेड वाइनच्या काळ्या द्राक्षांची बाग आहे. खालचा तुकडा काळ्या मातीचा, वरचा उताराचा, निव्वळ मुरूम. रोपं एकाच नर्सरीतली, फळासाठीची गोडी छाटणी एकाच आठवड्यातली. तरी मार्चच्या सुरुवातीला खालच्याला ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २४ आणि पीएच ३.९, तर वरच्याला २२ आणि ३.५. पीएच चढला की आंबटपणा उतरला.

नाशिकची खरी गोम इथेच आहे. युरोपात द्राक्ष सप्टेंबरात पिकतं तेव्हा हवा गार होत जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात नव्या फांद्यांसाठी खरड, ऑक्टोबरात गोडी, अशा दोन छाटण्या करून पीक एकच घ्यायचं, आणि तेही उन्हाळा तोंडावर आलेला असताना. जानेवारीच्या रात्रींनी जपलेला आंबटपणा मार्चचं ऊन बघता बघता उडवतं. साखर पुढे पळते, चव मागून रांगत येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे म्हणून निभावतं. त्यात मुरमाचा उतार असला की पाणी थांबत नाही, वेल माजत नाही, मणी बारीक राहतो. खायच्या द्राक्षांचे बागायतदार असा मणी पाहून हसतात. हसू देत. आम्हाला साल हवी, कारण रंग तिच्यातच, तुरटपणाही तिच्यात.

खालचा तुकडा तोडून घेतला. वरच्याची बी चावली तर हिरवी, कडू.

"पाच दिवस थांबू," मी म्हटलं.

अण्णांनी त्र्यंबकच्या बाजूला पाहिलं. "ताई, आभाळ बरं नाही. तोडून घ्या."

मी मोबाइलवर हवामानाचा अंदाज दाखवला. अंदाज कोरडा होता.

चौथ्या रात्री अवकाळी आला. गारा नव्हत्या एवढंच. सकाळी मणी पाणी पिऊन टरारलेले, घडाच्या आतल्या बाजूला तडकलेले. रस झिरपून खालच्या मण्यांवर चिकट ओघळ, त्यांवर चिलटं. टोळीतल्या बायका एकेक घड हातात फिरवून कात्रीच्या टोकाने फुटके मणी काढत बसल्या. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

वाइनरीच्या काट्यावर ब्रिक्स २०.५ भरला. करारात भाव ब्रिक्सच्या टप्प्यांवर. पीएचला, बीला, सालीला दमडी नाही. तो करार लिहिणाऱ्याने आयुष्यात बी चावलेली नसावी. बराच माल परत गेला, उरलेल्याला खालचा भाव लागला.

आमच्या वाइनमेकर साहेबांनी तो छोट्या टाकीत वेगळा घेतला, माझ्यावर उपकार केल्यासारखा. एप्रिलात दोन्ही चाखल्या. खालच्या तुकड्याची जाड, जांभळाच्या मुरंब्यासारखी, आंबटपणासाठी टार्टरिक आम्ल घालूनही सपाट. वरच्याची अंगाने किरकोळ, पण ग्लास नाकाशी नेला की नुकती कुटलेली काळी मिरी. ही थंड जागेतल्या शिराझची खूण. साहेब म्हणाले, "बरी आहे." त्यांच्या तोंडून हे फार झालं. पण ती मिरी त्या चार दिवसांत आली, की आधीपासूनच सालीत होती, हे मला अजून ठरवता येत नाही. आधीपासून असेल तर मी अण्णांचं नुकसान फुकट केलं.

खरड छाटणीच्या वेळी दोन बाटल्यांत नमुने घेऊन गेले. अण्णा माळकरी, ओठाला लावणार नाहीत. वास मात्र त्यांनी घेतला. दुसऱ्या बाटलीशी जरा थांबले.

"मिरं," म्हणाले. मग बूच घट्ट लावून बाटली माझ्या हातात दिली. "आणि पैसे खालच्याला जास्त?"

मी विचारलं, खरडीला काडीवर एकच डोळा ठेवताय ना.