आयडलिंगला बंद पडणारी पिकअप

रावेरहून केळी भरून निघालेली आमची डिझेल पिकअप रस्त्यावर उत्तम चाले, पण न्यूट्रलमध्ये थांबताच आचके देऊन बंद पडे. अशा वेळी थेट इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खोलणे मला अजिबात पटत नाही. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू असते तेव्हा, डिझेलची मात्रा अगदी थोडी असल्याने पाइपातून शिरलेली किंचित हवाही इंजिन बंद पाडू शकते. फिल्टरनंतर पारदर्शक नळी जोडली, तेव्हा डिझेलसोबत मोहरीएवढे बुडबुडे सरकताना दिसले. फिल्टरच्या अलीकडचा रबरी पाइप उन्हातान्हात कडक होऊन क्लिपखाली तडकला होता. तो बदलून, डिझेल पुढे ढकलणारा हाताचा छोटा पंप घट्ट लागेपर्यंत दाबून हवा काढली, आणि इंजिन एकसारखे चालू लागले. बुडबुडे नसते, तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला आहे का, ते तपासले असते.