आपल्या शब्दांत लागलेलं लग्न

स्कॉटलंडमध्ये लग्न जवळजवळ कुठंही लावता येतं. डोंगरमाथ्यावर, पडक्या किल्ल्यात, समुद्राच्या वाळूत, आजोबांच्या गोठ्यातसुद्धा. शेजारच्या इंग्लंडमध्ये कायदा आधी जागा बघतो, ती इमारत लग्नासाठी नोंदलेली आहे का हे तपासतो. इथं तो माणूस बघतो. लग्न लावणाऱ्याला अधिकार हवा, आणि वधू-वरांनी एकमेकांना स्वीकारल्याचं त्याच्यासमोर आणि दोन साक्षीदारांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं. एवढं झालं की लग्न लागलं. कोणते शब्द, कोणती गाणी, कुणाच्या हातून काय, हे सगळं त्या दोघांनी ठरवायचं.

मी एडिंबरात राहते. माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न इथल्याच एका मुलाशी झालं, उत्तर-पूर्व स्कॉटलंडमधल्या मोरे फर्थ या खाडीच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या गावी. त्या तयारीत मी सुरुवातीपासून होते. पुण्याहून रोज फोन यायचे: गुरुजी कोण? मुहूर्त किती वाजताचा? ते लोक दोरी बांधतात म्हणे, ती कशासाठी? तेव्हा जे वाचलं, विचारलं आणि पाहिलं, ते आज सविस्तर लिहिते. अशी लग्नं आता आपल्या पुष्कळ घरांत ठरताहेत.

इथल्या या मोकळेपणाला जुना इतिहास आहे. १७५४ पासून इंग्लंडमध्ये कायदा कडक झाला. एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्न करता येईना. स्कॉटलंडमध्ये मात्र दोन साक्षीदारांसमोर ‘आम्ही नवरा-बायको’ म्हटलं तरी पुरत असे. मग प्रेमात पडलेली इंग्लिश जोडपी घोडागाडीतून सरहद्द ओलांडायची आणि पहिलंच गाव लागायचं ग्रेटना ग्रीन. तिथला लोहार ऐरणीवर हातोडा मारून लग्न लागल्याचं जाहीर करायचा. पुढे १८५६ मध्ये दोघांपैकी एकाचा तरी स्कॉटलंडमध्ये एकवीस दिवस मुक्काम हवा, अशी अट आली आणि १९४० मध्ये ही नुसत्या शब्दावरची लग्नं बंद झाली. ऐरण अजून आहे. आजही हौसेनं तिथं जाऊन लग्न करणारे खूप आहेत.

दुसरं वळण २००५ चं. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये मानवतावादी पद्धतीच्या लग्नांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि जून महिन्यात असं पहिलं लग्न एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात लागलं. या पद्धतीत देवाधर्माचा विधी नसतो. लग्न लावणारी व्यक्ती, जिला इथं सेलिब्रंट म्हणतात, आधी जोडप्याला दोन-तीनदा भेटते, त्यांची गोष्ट ऐकते आणि त्यांच्यासाठी नवी संहिता लिहिते. आज दरवर्षी चर्च ऑफ स्कॉटलंडपेक्षा जास्त लग्नं या पद्धतीनं लागतात.

माझ्या भाचीनं हीच पद्धत निवडली, आणि तिथंच पहिला पेच आला. मंगलाष्टकांशिवाय लग्न ही कल्पना माझ्या बहिणीला सहन होईना. पण गणपतीला नमन करून सुरू होणारी आपली नेहमीची मंगलाष्टकं म्हणजे प्रार्थना; मानवतावादी सेलिब्रंटच्या विधीत ती कशी बसणार? तेव्हा मला जोतीराव फुले आठवले. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, पुरोहिताशिवाय. जोतीरावांनी अशा लग्नांसाठी स्वतः मंगलाष्टकं रचली. त्यांत वधू-वरच एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या स्वातंत्र्याबद्दल विचारते, वर त्यासाठी झटायचं वचन देतो. म्हणजे आपले शब्द आपण लिहून लग्न लावणं ही काही आम्हाला स्कॉटलंडनं शिकवलेली गोष्ट नव्हे. आमच्या गावातच ते दीडशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांनी त्याची फार मोठी किंमत मोजली आहे.

मग भाचीच्या आत्यानं चार मंगलाष्टकं लिहिली. शार्दूलविक्रीडितातच, चाल मोडू दिली नाही. एकात दोन्हीकडच्या आज्यांची नावं, एकात मुळा-मुठा आणि उत्तर समुद्र, शेवटच्यात दोघांचं एकमेकांना वचन. प्रत्येकाचा अर्थ इंग्रजीत छापून खुर्च्यांवर ठेवला. ‘शुभमंगल सावधान’ कधी म्हणायचं हे मुलाच्या काकांना आदल्या दिवशीच शिकवलं होतं. त्यांनी ते इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की आमची मंडळी दुसऱ्या कडव्यापासून त्यांच्याकडे बघूनच म्हणू लागली.

आता त्या दोरीबद्दल. हिला हँडफास्टिंग म्हणतात. वधू-वर उजव्या हातात उजवा आणि डाव्यात डावा हात घेतात आणि त्या गुंफलेल्या हातांवरून फीत किंवा दोरी गुंडाळून गाठ मारली जाते. फिती विकणारे हिला हजारो वर्षांची केल्टिक परंपरा म्हणतात. खरा इतिहास असा आहे की मध्ययुगात आणि त्यानंतरही स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये हातात हात देऊन वचन देणं म्हणजे आपल्याकडच्या साखरपुड्यासारखं होतं, आणि शब्द पक्के असले तर तेच लग्नही ठरायचं. दोरी गुंडाळणं त्यात अलीकडे आलं. ‘एक वर्ष आणि एक दिवस एकत्र राहा, नाही पटलं तर मोकळे व्हा’ ही लोकप्रिय कथाही प्रवासवर्णनांतून आणि कादंबऱ्यांतून पसरली. स्कॉटिश कायद्यात अशी तरतूद असल्याचा आधार इतिहासकारांना मिळालेला नाही. हे कळल्यावर भाची जराशी हिरमुसली. मला मात्र तो विधी त्यानं कमी प्रतीचा वाटला नाही. हातात हात देऊन दिलेला शब्द, हा त्यातला जुना आणि खरा भाग आहे. तो तसाच ठेवावा आणि दोरी आपली आणावी.

आणि दोरी खरंच घरची होती. मुलाचे आजोबा मासेमार. त्यांच्या जाळ्याच्या सामानातली बारीक दोरी घरात होती, ती मुलाच्या वडिलांनी काढली. माझ्या आईच्या इरकली लुगड्याचा काठ फाटला होता, तो बहिणीनं पट्टी करून त्या दोरीसोबत गुंडाळला. गाठ कोणती मारायची यावर घरात बराच वेळ चर्चा चालली. शेवटी कोळ्यांची एक गाठ ठरली: दोन दोरांच्या टोकांना एकमेकांभोवती एकेक गाठ मारायची आणि ओढायचं; दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात, आणि जितका ताण पडेल तितक्या घट्ट बसतात. मुलाच्या वडिलांनी ती सगळ्यांसमोर सावकाश मारली. माझ्या बहिणीनं वधूच्या शेल्याला वराच्या खांद्यावरच्या प्लेडची, म्हणजे चौकटीच्या लोकरी वस्त्राची, गाठ मारली, उपरण्याला मारतात तशीच. हे मात्र कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दगडावर हात ठेवून शपथ घेण्याचीही इथं पद्धत आहे. सगळ्यात विलक्षण दगड होता ऑर्कनी बेटांवर, स्टेनेसच्या प्राचीन शिळांजवळ. त्याला ओडिनचा दगड म्हणत. त्याला आरपार भोक होतं. प्रेमिक दोन बाजूंना उभे राहून त्या भोकातून हात धरायचे आणि शब्द द्यायचे. ती शपथ मोडणाऱ्याला समाजात तोंड दाखवायला जागा उरत नसे. जुन्या नोंदींत असंही आहे की वेगळं व्हायचं तर दोघांनी स्टेनेसच्या चर्चमध्ये जायचं आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचं. डिसेंबर १८१४ मध्ये तिथं शेती करणाऱ्या एका माणसानं, बघायला येणाऱ्यांचा त्रास होतो म्हणून, तो दगड फोडला. बेटावरचे लोक इतके चिडले की त्यांनी त्याचं घर जाळायचा प्रयत्न केला. एका दगडासाठी माणसं का पेटली असतील हे मला पूर्ण समजतं. त्यांच्या आजी-आजोबांचा शब्द त्यातून गेला होता.

ऑर्कनीत आजही लग्नात ‘कॉग’ फिरतो. कॉग म्हणजे लाकडी फळ्यांचं, उभ्या मुठींचं भांडं. त्यात गरम एल (एक प्रकारची बिअर), व्हिस्की, रम, साखर, मिरी असं घराघराच्या कृतीचं मिश्रण असतं. वधू पहिला घोट घेते आणि मग तो सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखाच, सगळ्यांमधून फिरतो. मुख्य भूमीवर त्याऐवजी क्वेख असतो: उथळ, दोन कानांचा पेला. दोन्ही हातांनीच धरावा लागतो, त्यामुळे देणारा आणि घेणारा दोघांचेही हात गुंततात. आमच्याकडे दोन क्वेख होते. एकात व्हिस्की, दुसऱ्यात रत्नागिरीहून आणलेल्या आगळाचं कोकम सरबत. मुलाच्या आजीनं दोन्ही घेतले.

आणि लग्नाच्या आधीचं ब्लॅकनिंग! उत्तर-पूर्व स्कॉटलंडमध्ये आणि बेटांवर ही प्रथा अजून जोरात आहे. मित्रमंडळी नवऱ्या मुलाला, कधी कधी मुलीलाही, अचानक पकडतात. काकवी, पीठ, काजळी, पिसं असं काय काय फासतात आणि उघड्या गाडीत बसवून डबे बडवत गावभर मिरवतात. पूर्वी याच भागात लग्नाआधी पाय धुण्याचा समारंभ असे, त्यातून हे वाढलं असं मानतात. आमच्या बायका आधी घाबरल्या. मग माझी मोठी जाऊ म्हणाली, “अगं, हळदच आहे ही, फक्त काळी!” दुसऱ्या दिवशी त्याच मित्रांना पाटावर बसवून तिनं खरी हळद लावली. त्यांनी ती शांतपणे लावून घेतली, हे मला फार आवडलं.

समुद्रकिनारी लग्न म्हणजे वारा. आमचा रेशमी अंतरपाट तिथं क्षणभरही टिकला नसता. मुलाच्या आजीकडे जाड लोकरीचं टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकटींचं, घोंगडं होतं, तेच अंतरपाट झालं. एका बाजूला मुलीचा भाऊ, दुसऱ्या बाजूला मुलाची बहीण. भाचीला मामा घेऊन आला. आम्हाला अक्षतांसाठी तांदूळ नको म्हणून सांगितलं होतं, तेव्हा सुकवलेल्या गुलाबपाकळ्या घेतल्या. पूर्वेच्या किनाऱ्यावर ठरवलंत तर वाऱ्याची तयारी ठेवा. पश्चिमेकडे ठरवलंत तर उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांची. भर संध्याकाळी, वारा पडल्यावर त्या थव्यानं येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दोघांनी स्वतंत्र अर्ज भरून लग्नाआधी किमान २९ दिवस रजिस्ट्रारकडे पोचवायचे असतात. प्रत्यक्षात अडीच-तीन महिने आधी द्यावेत. मग जे विवाहपत्रक मिळतं ते लग्नाच्या वेळी समोर हवंच, नाहीतर सेलिब्रंट लग्न लावू शकत नाही. भारतातून फक्त लग्न करायला येणार असाल तर साधा पर्यटक व्हिसा चालत नाही, लग्नासाठीचा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

रात्री ‘केली’ असते, म्हणजे समूहनृत्य. एक जण माइकवर पावलं सांगत असतो, त्यामुळे काहीच येत नसलं तरी आत शिरता येतं. ‘स्ट्रिप द विलो’मध्ये ओळीतल्या प्रत्येकाचा हात धरून गरागरा फिरायचं असतं. सपाट चपला आणा. आणि नऊवारी नेसणार असाल तर उत्तम; त्या रात्री सहावारीवाल्या सगळ्या दोन नाचांनंतर खुर्च्यांवर होत्या, आणि काष्टा घातलेल्या माझ्या दोन्ही आत्या शेवटच्या गाण्यापर्यंत.