पोळ्या लाटता लाटता आठ अक्षरं

तव्यावर फुगे पोळी
भाजीवालीची आरोळी

दोन ओळी, प्रत्येकी आठ अक्षरं, शेवटी यमक. याला छोटा अभंग म्हणतात. कंटाळवाणं काम हातात असताना तोंडात घोळवायला याहून सोपा साचा मराठीत मिळणं कठीण.

कामाबरोबर ओवी जुळवणं ही काही नवी टूम नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे तिथं जातं नाही, उखळ-मुसळ आहे. आपण ओवी म्हटलं की जात्याशीच बांधून टाकतो. पण हात एका लयीत चालणारं कोणतंही काम तिला चालत होतं. विजेची चक्की आली, दळण डब्यातून जायला लागलं आणि जात्यावरचा तो पहाटेचा तास गेला. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्यात राहून गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या, म्हणून आज त्या वाचायला-ऐकायला तरी मिळतात.

त्या ओव्यांत अक्षरसंख्या सैल असते. गळा आणि खुंट्याचा फेरा कमी-जास्त सांभाळून घेतो. न गाता, मनातल्या मनात जुळवणाऱ्याला ती सवलत नाही, म्हणून सुरुवात मोजूनच करावी.

मोजायचं कसं? स्वरासकट लिहिलेलं प्रत्येक अक्षर एक. जोडाक्षरही एकच: 'तव्यावर' म्हणजे त-व्या-व-र, चार. अनुस्वाराने संख्या वाढत नाही. पाय मोडलेलं अक्षर वेगळं धरत नाहीत. फसायला होतं ते कानामुळे. 'काम' बोलताना एका ठोक्यात संपतं, पण अक्षरं दोन. 'करतात' जीभ दोन ठोक्यांत उरकते, मोजायची मात्र चार. ऑफिसातले शब्दही याच नियमाने: लॅपटॉप चार, प्रिंटर तीन, स्क्रू-ड्रायव्हर पाच. संगणकाकडून मोजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. युनिकोडमध्ये मात्रा हे वेगळं चिन्ह असतं, त्यामुळे 'पोळी'ची तिथं चार चिन्हं होतात. अंगठा सोडून दोन्ही हातांची बोटं आठच असतात; ती पुरतात. हात पिठात असतील तर ओळ चार-चार अशी तोडायची: 'तव्यावर' एका लाटणीत, 'फुगे पोळी' दुसऱ्या. मात्र सगळ्या ओळी चार-चारच्या झाल्या की शिलाई मशीनसारखी टकटक ऐकू येते. 'भाजीवालीची' पाच आणि 'आरोळी' तीन, एवढ्या फरकानेही ती मोडते.

वरची जोडी पहिल्या फटक्यात आली तर बहुधा अशी येईल:

पोळी फुगली तव्यावर
भाजीवाली आली दारावर

पहिलीत नऊ, दुसरीत दहा. दोष कुठे आहे बघा. मराठीत 'वर', 'मध्ये', 'साठी', 'पासून' ही शेपटं लांब असतात आणि ओळीच्या शेवटी आली की जागा खातात. शिवाय 'वर'ला 'वर' हे यमक म्हणजे पोळीबरोबर पोळीच खाणं. शेपूटवाला शब्द ओळीच्या सुरुवातीला न्या आणि नाम शेवटी ठेवा. पोळी शेवटी आली की ओळी, चोळी, मोळी, टोळी, होळी, आरोळी अशी रांगच उभी राहते. 'फुगली'चं 'फुगे' केलं की एक अक्षर वाचतं. ही युक्ती जपून वापरावी. करी, येई, जाई असं सगळीकडे सुरू झालं की गॅसच्या ओट्यावर उगाच तेरावं शतक अवतरतं.

अक्षर कमी पडलं की 'तो', 'ते', 'हो', 'गं' टाकायचा मोह होतो. 'बाई' ओवीत शोभते, पण एका ओवीत एकदाच.

याहून मोठा घोटाळा शब्दांच्या निवडीत होतो. 'कामातच आहे देव' यात अक्षरं बरोबर आठ आहेत आणि ओळ निर्जीव आहे. कष्ट, घाम, श्रम, आनंद हे शब्द दाराबाहेर ठेवावेत. सावता माळ्याने अरणच्या मळ्यात विठ्ठल पाहिला तो कांदा, मुळा, भाजी अशी नावं घेऊन. तुमच्या कामातल्या वस्तू घ्या: चिमटा, परात, स्टेपलर, खुरपं, बॉबिन. 'बॉबिन'ला यमक शोधायला बसलात की ती नुसती बॉबिन राहत नाही. तिचा आवाज, तिच्यातला संपत आलेला दोरा दिसायला लागतो. माझ्या मते सगळी गंमत इथं आहे.

खुर्चीवरच्या कामाला मोठा अभंग जास्त मानवतो. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा मोकळा:

एक्सेलच्या रांगा
बेरीज जुळेना
चूकही कळेना
चहा आला

चौथा चरण आखूड असल्याने तिथं आवाज आपोआप खाली येतो. तक्रार तीन चरणांत उभी करून चौथ्यात सोडून द्यायची. तिथं आणखी रडलात तर सगळं फसलं.

हायकू हा तीन ओळींचा जपानी कवितेचा प्रकार कवयित्री शिरीष पै यांच्यामुळे मराठीत रुजला. पाच-सात-पाच अक्षरं हा आपण बसवलेला हिशेब. जपानीत मोजायचं एकक निराळं, तिथं शब्दातला एकटा 'न'सुद्धा स्वतंत्र धरतात. चालत्या हातांवर हायकू नीट बसत नाही, विषम ओळी लय मोडतात. पण काम थांबतं त्या क्षणासाठी तो उत्तम:

दोरा तुटला
खिडकीत चिमणी
केव्हाची बोले

काम कोणतं, याला महत्त्व आहे. पोळ्या, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, खुरपणी, कपड्यांच्या घड्या, डेटा एंट्री: बेशक. लेथ, करवत, प्रेस मशीन, गाडी चालवणं: अजिबात नाही. यमक सापडतं त्याच क्षणी नजर हातावरून उडते. विळीवर भाजी चिरतानाही नकोच.

एका बैठकीला एक जोडी पुरे. पंधरा-वीस पोळ्यांत ती होते. मध्येच हात पुसून मोबाइलमध्ये लिहायला धावू नका. सोळा अक्षरं तोंडात सहज राहतात, आणि पोळ्या होईपर्यंत विसरली तर कुठेतरी कच्ची होती असं समजावं. यमक आधी ठरवा, ओळ मागून. जात्यावर अर्धी ओळ ठरलेली असायची, 'पहिली माझी ओवी' किंवा 'सकाळच्या पारी', आणि ती म्हणता म्हणता पुढचं सुचायला वेळ मिळायचा. आपणही अशी एक-दोन अर्धुकं तयार ठेवावीत. 'सकाळच्या पारी' सहा अक्षरांचं आहे, मोठ्या अभंगाच्या पहिल्या चरणाला आयतं बसतं.

जात्याला बहुतेक वेळा दोघी बसायच्या, समोरासमोर. जोडीदार घरात नसेल तर बहिणीला, जावेला नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती पहिली ओळ पाठवा: 'कुकरची झाली शिट्टी'. आठ अक्षरं, आणि पुढे पट्टी, गट्टी, कट्टी, सुट्टी यांतलं काहीही येऊ शकतं. समोरची बाई सकाळपासून ओट्याशी उभी असेल, तर बहुधा हे येईल:

रविवारी कुठे सुट्टी